अबोल्याच्या घरातलं वचन

२ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तू फक्त ‘हं’ म्हणतोस आणि त्या ‘हं’चे अर्थ लावण्यात माझी संध्याकाळ जाते. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही.

बातमी अशी, की माझं लग्न ठरलं. म्हणजे आधी मी ठरवलं आणि मग घरच्यांना ठरवू दिलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीत कायम आहे, शांत आहे, हसला की डोळे मिटतात. बाबांनी पहिल्या भेटीत त्याला एकच प्रश्न विचारला. “लिफ्टमध्ये सूचना लिहिलेल्या असतात, ‘इतक्या माणसांसाठीच’ वगैरे, त्या कोण रंगवतं?” तो म्हणाला, “छापील स्टिकर येतात, काका. आम्ही नुसते चिकटवतो.” बाबा ताडकन उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. आईने तर कपाळावर हात ठेवला. पण बाबा त्याच्यासाठी पाणी घेऊन आले आणि म्हणाले, “तुझा काय दोष त्यात.” तेव्हापासून घरात त्याचं नाव लिफ्टवाला. मीही तेच म्हणते.

लग्न नोंदणी कार्यालयात आहे, मार्चच्या शेवटच्या शनिवारी. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, सह्या करण्याआधी तुम्हाला एकमेकांना काही सांगायचं असेल तर उभं राहून सांगा, आमची हरकत नसते. बहुतेक जोडपी नुसतीच लाजतात. मी तिथल्या तिथे ठरवलं, आपण नुसतं लाजायचं नाही. आपलं वचन आपल्या शब्दांत लिहायचं. आणि असं लिहायचं, की ते जन्मभर पाळता आलं पाहिजे. शपथ म्हटलं की मला तुझं ‘आईशप्पथ, मी नाही फोडलं’ आठवतं. तसलं नको.

पहिला मसुदा चार पानी झाला. समता, सहजीवन, परस्परांच्या स्वातंत्र्याचा आदर, सगळं होतं त्यात. लिफ्टवाल्याने तो मन लावून वाचला आणि विचारलं, “छान आहे. या संस्थेचा खजिनदार कोण?” आई म्हणाली, “बरं झालं बाई, आमच्या वेळी कुणी विचारलं नाही. माझं पाठच झालं नसतं.” बाबांनी पान हातभर लांब धरून पाहिलं. “अक्षरं फार झाली. कुठे लावायचंय हे?” मी म्हटलं, बाबा, लावायचं नाही, बोलायचं आहे. “बोलायचंय होय, मग चालेल,” म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले. बोलण्याला ते काम समजतच नाहीत, तुला माहीत आहे.

मी ती चारही पानं फाडली. आता एकच वाक्य ठेवलं आहे: ‘कितीही रागावले तरी मी तुझ्याशी अबोला धरणार नाही.’

हे वाक्य कुठून आलं ते तुला सांगायला नको. आपल्या घरात अबोला पाहुण्यासारखा येत नाही, त्याची कायमची खाट आहे. मला हे वाक्य आपल्या घरातल्या सगळ्यांसमोर म्हणायचं आहे. सगळ्यांसमोर म्हणजे तुझ्याहीसमोर.

बाबांनी तुला काही सांगायला सांगितलेलं नाही. पण काल त्यांनी आईला विचारलं, “त्याला कळवलं का?” म्हणजे त्यांनी तुला बोलावलं, असंच समज.

कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानावर अजून तूच छापलेला फ्लेक्स आहे. उन्हाने त्यावरचा शिंपी पार निळा पडला आहे. बाबांनी रंगवलेली जुनी पाटी त्याने आत कापड कापायच्या टेबलाखाली नीट ठेवली आहे, फेकली नाही. बाबा अजून मागच्या गल्लीने जातात. लांब पडतं, पण तो फ्लेक्स दिसत नाही.

तुझी
मास्तरीण


१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या छपाई यंत्राचा मालक आणि पत्र दोन ओळींचं. ‘अभिनंदन. बाबा स्वतः म्हणाले तर येतो.’

मी बाबांना सांगितलं, दादा यायला अगदी तयार आहे, फक्त तुम्ही एकदा म्हणा. ते ‘सुस्वागतम्’मधला अर्धा ‘म’ भरत होते. हात न थांबवता म्हणाले, “त्याच्या बहिणीचं लग्न आहे. त्यात मी म्हणायचा प्रश्न कुठे येतो? त्याला यायचं असेल तर दार उघडंच आहे, म्हणावं.” दादा, यात त्यांनी तुला बोलावलंच आहे. ‘दार उघडंच आहे’ याचा दुसरा काय अर्थ होतो?

तू म्हणशील, मास्तरीण, तू वाक्य रंगवून सांगतेस. सांगते. हातात फक्त ब्रश नाही, बाकी बाबांचीच मुलगी आहे मी. तू घरात होतास तेव्हा एकाच खोलीत तू खिडकीशी, बाबा दाराशी आणि मध्ये मी अभ्यास करत बसलेली. तू म्हणायचास, “त्यांना म्हणावं, माझं डोकं खाऊ नका.” मी बाबांना सांगायची, “दादाचं डोकं दुखतंय.” मग बाबा माझ्याच हाती तुला बाम पाठवायचे आणि तू तो मुकाट्याने लावायचास. त्या घरात राहून मी पदवीधर झाले ते एक वेळ सोड, पण परराष्ट्र खात्यात कशी गेले नाही याचंच मला नवल वाटतं.

तर तू येतोस असं मी धरून चालले आहे. आई म्हणते, बाबांना सांग की दादाचं पत्र ‘आनंदाने येतो’ असं आलंय. सांगू का? तू काहीच कळवलं नाहीस तर सांगेन.

शाळेत बरं चाललं आहे. सातवीला विज्ञानात ध्वनी शिकवते आहे. वर्गात त्या विषयाचा आवाज भरपूर आहे.

लिफ्टवाला बरा आहे. कामात असतो. सध्या आमचं फार बोलणं होत नाही. त्याला वचन वाचून दाखवलं. त्याचं मत थोडं वेगळं पडलं. असो.

तुझी
मास्तरीण


२८ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात ‘कामात असतो’ असं लिहिलं ते खरं नव्हतं. तो कामात नव्हता. मी बोलत नव्हते.

झालं असं. शाळा सुटल्यावर तो मला घ्यायला आला होता. फाटकाशी उभ्या उभ्या मी त्याला माझं वाक्य म्हणून दाखवलं. मला वाटलं होतं, त्याचे डोळे भरून येतील. तो म्हणाला, “यात मी कुठे आहे?”

मी म्हटलं, “म्हणजे काय? ‘तुझ्याशी’ म्हटलंय की.”

“हो, पण मनातून बघतेस बाबांकडे. हे वचन तू मला देतेयस, की माझ्या आडून त्यांना टोमणा मारतेयस?”

मला इतका राग आला, की काय बोलावं सुचेना. नाही सुचलं म्हणून बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही सुचलं नाही. त्याचे फोन आले, ते मी उचलले नाहीत; वह्या तपासायच्या आहेत, असं आईकडून सांगायला लावलं. आईने सांगितलं आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मी वह्या खरोखरच काढून बसले. आणि दादा, गंमत म्हणजे मी अबोला धरला आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी नुसती शांत आहे.

मग पाहुण्यांचं ठरवायला म्हणून आम्ही शाळेजवळच्या उपाहारगृहात भेटलो. समोरासमोर बसलो. वेटर आले, आपल्या बाबांच्या वयाचे, खांद्यावर फडकं. त्यांनी विचारलं, काय आणू. मी म्हटलं, “मला चहा. यांना विचारा, यांना काय हवंय.”

त्यांनी मान वळवून विचारलं. लिफ्टवाला म्हणाला, “त्यांना सांगा, कॉफी.”

“अहो, एकाच टेबलावर बसलाय ना दोघं?” वेटर म्हणाले. “तुम्हीच सांगा की एकमेकांना. मला तिकडे अख्खं लग्नाचं वऱ्हाड बघायचंय.”

ते गेले आणि मला माझाच आवाज पुन्हा ऐकू आला. ‘यांना विचारा.’ तो माझा आवाज नव्हताच. बाबांचा होता. तोच सूर, शेवटी तसाच खाली उतरणारा. मला आधी हसू फुटलं आणि मग हसता हसता मी रडायला लागले. लिफ्टवाला घाबरला. त्याने खिशातून रुमाल काढून दिला, त्याला ग्रीसचा वास होता. माझ्या नाकावर काळा डाग पडला. तो मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितला नाही, म्हणाला, “बोलायला लागली होतीस, मला मध्ये पडायचं नव्हतं.”

त्याने विचारलं, “हे कधीपासून चाललंय?”

मी म्हटलं, “मी शाळेत जायच्या आधीपासून.”

“मी आपल्या भांडणाचं विचारत होतो.”

“तेच सांगतेय.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल, बाबांबद्दल, शिंप्याच्या फ्लेक्सबद्दल. बामबद्दलही. ऐकता ऐकता त्याने कॉफी गार होऊ दिली. शेवटी म्हणाला, “तू त्यांचं भांडण मिटू दिलं नाहीस.”

मी म्हटलं, मी? मी तर उलट.

“अगं, रागाने म्हटलेलं त्यांना कधी रागाने ऐकूच आलं नाही. मग ते कशावर भांडणार आणि काय मिटवणार? मला लिफ्ट अडकल्याचा फोन येतो तेव्हा वॉचमन सांगतो, ‘सगळं ठीक आहे, साहेब, आरामात या.’ आणि जाऊन बघावं तर आत बाई किंचाळत असतात.”

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी मध्ये नसते तर तुम्ही एकमेकांना काय काय बोलला असता, ते तुम्हा दोघांपेक्षा मला जास्त माहीत आहे. पण एक गोष्ट मला कळली. अबोला धरणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. लग्नाआधीच मोडून बसले आहे. जे माझ्या हातात आहे तेच म्हणायला हवं. म्हणून आता वचन असं केलं आहे:

‘मी रागावेन. कधी गप्पही बसेन. पण तुझ्यासाठी असलेलं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. कडू असो, गोड असो, ते तुलाच सांगेन. आपल्या मध्ये मी कुणाला उभं करणार नाही.’

लिफ्टवाल्याने ऐकलं आणि म्हणाला, “आता यात मी आहे.” त्याचं वचन मात्र तो दाखवत नाही. विचारलं की म्हणतो, जिने चढून ये, मग कळेल.

आता तुझ्या माझ्या कामाचं. दादा, हे वाक्य मी तुमच्या मध्ये उभी राहून म्हणू शकत नाही. म्हणून मी काल राजीनामा दिला. जेवणं झाल्यावर बाबांना म्हटलं, “बाबा, आजपासून मी तुमचं दादाला काही सांगणार नाही आणि त्याचं तुम्हाला. त्याला लग्नाला बोलवायचं असेल तर तुम्ही बोलवा.”

बाबा आईकडे वळले. “ही काय म्हणतेय, विचार तिला.”

आईने ताटं उचलली. “मी पण सोडलं,” म्हणाली. “निरोप सांगून सांगून माझा घसा बसलाय.”

 मग मांजर आली तेव्हा बाबा तिला म्हणाले, “बघ, घर कसं एक झालंय.” मांजरीनेही ते कुणाला सांगितलं नाही.

तर आता तुला माझं आमंत्रण. हे माझं आहे, त्यात बाबांचा शब्द नाही. मागच्या दोन पत्रांत त्यांची म्हणून जी वाक्यं लिहिली, ती त्यांनी म्हटली होती, पण अर्थ मी लावला होता. तो सोडून दे. ते बोलावतील की नाही, मला माहीत नाही. आणि कळलं तरी मी तुला सांगणार नाही. माझ्या लग्नाला तू मला हवा आहेस, एवढंच मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहू शकते.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मी मधून उठले आणि तुमच्या दोघांत काहीच उरलं नाही तर? आतापर्यंत निदान मी तरी होते.

तुझी
मास्तरीण


१८ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहते आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

इकडे मजा चालली आहे. बाबांना बोलायचं असतं आणि कुणी उचलून पुढे नेत नाही, त्यामुळे त्यांची वाक्यं घरभर पडलेली असतात. ते काय काय म्हणाले ते मी लिहिणार नाही. फार लिहावंसं वाटतं आहे. अगदी पेनाच्या टोकाशी आलं आहे. पण नाही. आई तर परवा त्यांचं वाक्य ऐकून तोंडात पदर धरून मोरीत गेली. यापुढे विचारायचं असेल तर त्यांना विचार.

वचनाची मी रोज तालीम करते. सातवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत कुणी नसताना फळ्यासमोर म्हणून पाहिलं. वळले तर दारात दोन मुली. एक म्हणाली, “बाई, हे परीक्षेला आहे?” मी म्हटलं, मला आहे.

अधिकारी बाईंना विचारून घेतलं. एका वेळी तीस माणसं मावतात, उरलेली व्हरांड्यात. तुझी जागा मी आत धरली आहे. मावशी दोनदा म्हणाली, येणार नसेल तर त्या जागेवर माझ्या जाऊबाईंना बसव. मी जाऊबाईंना व्हरांडा दिला.

लिफ्टवाल्याने मला त्याच्या कामावर नेलं होतं. लिफ्टच्या डोक्यावरची खोली दाखवली. तिथे चाकं, दोर, तेल आणि त्याचा डबा. म्हणाला, लग्नानंतर मी उशिरा आलो तर समज, कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये आहे. मी म्हटलं, ती जागा माझ्या ओळखीची आहे.

दादा, तू येणार आहेस का? हे मी विचारते आहे.

तुझी
मास्तरीण


३ एप्रिल

दादा,

नीट पोचलास ना? आईने बांधून दिलेलं सगळं वाटेतच संपलं असेल.

कार्यालयाच्या दारात तुला पाहिलं तेव्हा मी आनंदाने धावत येईन असं मला वाटलं होतं. पण तुझ्या खांद्यावर ती लांब गुंडाळी दिसली. वाटलं, झालं, याने आमचा दोघांचा फ्लेक्स छापून आणला, आता बाबा इथूनच परत जातील. ती आईसाठी आणलेली चटई निघाली. देवाचे आणि तुझे आभार.

माझी साडी बरी होती का, हे कुणीच सांगितलं नाही. तूही नाही.

तुला लिफ्टवाल्याचं वचन ऐकू आलं की नाही, माहीत नाही. तो फार हळू बोलतो. म्हणून इथे लिहिते, त्याला विचारून. ‘मी अडकलो तर तुला आवाज देईन, सगळं ठीक आहे असं म्हणणार नाही. तू अडकलीस तर दार उघडेपर्यंत बाहेरून तुझ्याशी बोलत राहीन. दार उघडायला किती वेळ लागेल, ते आत्ता सांगता येत नाही.’ अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, आमची इथली लिफ्टपण बघून जा.

तो बोलत होता तोवर बाबा खोलीत नव्हतेच. ते खाली फाटकाशी होते. पाटीवर ‘नोंदणी’तला ‘णी’ ऱ्हस्व रंगवला आहे, त्यावरून त्यांनी शिपायाला धरलं होतं. माझी पाळी आली तेव्हा ते दारात उगवले. खोली भरलेली. आई साक्षीदार म्हणून पुढे, मावशी तिच्याशेजारी, मी उभी. पाहुणे भिंतीला चिकटून उभे, आणखी कुणाला पाय ठेवायला जागा नव्हती. फक्त तुझ्या बाकावर तू जरा पसरून बसला होतास.

सगळे म्हणतात, मी वचनात मध्येच थांबले ती भरून आलं म्हणून. लिफ्टवाल्याच्या आईने तर मला पाणी दिलं. मी तेव्हा ‘दुसऱ्या कुणाच्या हाती’पर्यंत आले होते आणि समोर तुम्ही दोघं दिसत होता. बाबा तुझ्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी त्यांना ओळखते, ते आईला शोधत होते, नाहीतर मला. आम्ही दोघीही कामात होतो. मग त्यांनी खाली तुझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले.

तिथे मी पुढचा शब्द विसरले. लिफ्टवाल्याने तो हळूच सांगितला, ‘देणार’, मी घाईने ‘देणार’ म्हणून पुढे गेले, आणि ‘नाही’ मागेच राहिलं. मावशीने तिथल्या तिथे विचारलं, म्हणजे तू दुसऱ्याच्या हाती देणार की काय? दुरुस्ती म्हणून पूर्ण वाक्य मी पुन्हा म्हटलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. तुम्ही दोघांनी बहुतेक ते ऐकलं असेल.

मी घरी आल्यावर बाबांना विचारलं, तुम्ही दादाला काय म्हणालात? ते म्हणाले, “कधी?” आणि रंग ढवळायला लागले. तू गेल्यावर ते कोपऱ्यावरून आले की मागच्या गल्लीने, हे मी पाहिलं आहे, पण सांगणार नाही.

राजीनामा कायम आहे. पण दादा, हे मी निरोप्या म्हणून विचारत नाही. निव्वळ चोंबडेपणा आहे. मला फक्त ओठ दिसले. काय म्हणाले ते?

तुझी
मास्तरीण


९ एप्रिल

मास्तरीण,

‘सरक’ म्हणाले.

मी सरकलो. जागा अजून होती, पण थोडाच सरकलो.

साडी चांगली होती.

दादा